तालमींचा फुटबॉल कुणाच्या पायांवर?

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर वरिष्ठ गटाची लीग सुरू झाली, की शहराचे लक्ष पेठांतील तालमींकडे वळते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या संघांच्या नावांतच ‘तालीम’ आहे. तांबड्या मातीतली ईर्षा चेंडूमागे धावू लागली, इतकेच. हौशी फुटबॉलला तिकीट काढून येणारा प्रेक्षक सहसा मिळत नाही. कोल्हापूरला तो मिळाला.

त्याचीच आता किंमत मोजावी लागत आहे. पराभव म्हणजे पेठेची नामुष्की, ही भावना गॅलरीत हुल्लडबाजीपर्यंत जाते आणि पोलिसांना बंदोबस्त वाढवावा लागतो. त्याच भावनेपोटी संघांनी बाहेरगावचे, प्रसंगी नायजेरियासारख्या देशांतले खेळाडू आणण्यास सुरुवात केली. खेळाचा वेग वाढला, हे नाकारता येणार नाही. परंतु आघाडीची जागा पाहुण्याने घेतली, की गल्लीत वाढलेला मुलगा राखीव खेळाडूंत बसतो. कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशन अशा खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा घालू शकते. हाती असलेला पैसा कुठे खर्चायचा, हे मात्र तालमींनीच ठरवायचे आहे.

२०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा. त्याची पुढची जडणघडण मात्र पुण्यात झाली. पाहुण्या खेळाडूच्या मानधनात बारा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी प्रशिक्षक नेमता येईल. अर्थात, त्याने यंदाचा चषक पेठेत येणार नाही, आणि कार्यकर्त्यांना जाब विचारला जातो तो यंदाच्या चषकाचा.