आधी कल्चर, मग क्षयाची गोळी

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
व मा. आरोग्यमंत्री, गोवा राज्य यांस,

लावणीच्या दिवसांत चिखलात राबलेला मधुमेही शेतकरी तापाने पडतो. छातीच्या फोटोत डाग दिसतो, थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नाहीत, तरी क्षयाची औषधे सुरू होतात. अशांपैकी काहींना क्षय नसतोच, मेलिऑयडोसिस असतो. ते उमगेपर्यंत यकृतात, प्लीहेत, सांध्यांत पू झालेला असतो.

मेलिऑयडोसिसचा जंतू मातीत आणि साचल्या पाण्यात राहतो. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, दारू किंवा स्टेरॉइड यांनी प्रतिकारशक्ती खचलेल्यांना तो गाठतो. पेनिसिलिन त्याच्यावर चालत नाही, जेंटामायसिनही बहुधा नाही. हा चिवटपणा त्याच्यात उपजतच आहे. पेशीत शिरलेले औषध तो बाहेर फेकून देतो. व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी रंगूनमधल्या रुग्णांवरून १९१२ साली त्याचे वर्णन केले. शंभर वर्षांहून जुनी ही ओळख आपल्या तालुक्यांपर्यंत पोहोचू नये, याचा संताप येतो.

उपचार आहेत. सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम शिरेतून किमान १० ते १४ दिवस, मग को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या किमान ३ महिने. गोळ्या मध्येच सोडल्या तर आजार उलटतो. पण निदानापाशीच घोडे अडते. रक्त कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहायला, पाठवले जात नाही. पाठवले तरी उगवलेला जंतू कधी 'स्युडोमोनास' हा दुसराच जंतू ठरतो, कधी बाहेरून मिसळलेला समजून टाकून दिला जातो. संशय घ्यायला महागडे यंत्र लागत नाही. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, ग्रॅम-निगेटिव्ह जंतू जेंटामायसिन आणि कोलिस्टिनच्या चकत्यांना दाद देत नसेल, पण को-ॲमॉक्सिक्लॅव्हला देत असेल, तर तंत्रज्ञाने तडक डॉक्टरांना फोन करावा. एवढे जिल्हा रुग्णालयात सहज जमते.

म्हणून आमची मागणी अशी: पावसाळ्यात तापाने किंवा गळवाने आलेल्या प्रत्येक मधुमेही रुग्णाचे रक्त व पू, अँटिबायोटिक देण्याआधी, मोफत कल्चरला जावेत. क्षयाचा पुरावा नसताना औषधे सुरू करण्यापूर्वीही हाच नियम असावा. दोन्ही इंजेक्शने जिल्हा रुग्णालयात साठ्यात हवीत, नाहीतर मेरोपेनेमच्या खर्चापायी घरातली गाय विकावी लागते. घरी गेलेल्या रुग्णाच्या गोळ्या चालू आहेत का, हे आशाताईंनी पाहावे. त्या कामाचा मोबदला त्यांना मिळावा. आणि सापडलेल्या प्रत्येक रुग्णाची गावनिहाय नोंद सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या डॉक्टरांना एकमेकांची दिसावी.

मृग लागण्याआधी हा आदेश निघावा.

कळावे,
कोकणातील एक नागरिक