रॅम्प हा उपकार नव्हे



व्हीलचेअरवरच्या माणसांनी तलाव गाडीतूनच पाहावा, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत अजिबात पटले नाही. माझी आई व्हीलचेअरवर असते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाला जायचे ठरले, की मी खोली घेण्याआधीच विचारतो: न्हाणीघराचे दार किती रुंद? उंबरठा किती उंच? घोडं अडतं ते दोन पायऱ्यांपाशी. एक फूट चढायला बारा फुटांचा रॅम्प पुरतो. सार्वजनिक जागा सुगम असाव्यात, हे २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातच आहे. आपल्या धामणी धरणाकाठी पर्यटनाचा विचार होईल, तेव्हा रॅम्प, कठडे आणि रुंद दाराचे स्वच्छतागृह पहिल्याच आराखड्यात हवे. पालघरकरांनी ही मागणी लावून धरावी.

— एक वाचक, वाणगाव