घाटमाथ्यावरचा समुद्र

हिंडलगा घाटमाथ्यावर, समुद्र पार घाटाखाली. त्यामुळे इथल्या घरात प्रवाळाची टाकी ठेवायची तर समुद्र कालवूनच करावा लागतो: आरओच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ, तेही स्वयंपाकाचं नव्हे, कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेलं खास मीठ. उन्हाळ्यात पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. काचेच्या कडेला त्याची पांढरी खपली धरते. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची. नवखा नेमका इथे चुकतो, पुन्हा खारंच पाणी ओततो. जाणत्याने आपल्या टाकीतला जिवाणू वसलेला एखादा दगड दिला, तर नव्या टाकीत साठणारा विषारी अमोनिया लवकर आटोक्यात येतो आणि मासे वाचतात. या छंदात यापरती भेट नाही. मालवणच्या समुद्रातली कठीण प्रवाळं मात्र वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती काढणं गुन्हा आहे.