दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी

यंदाच्या पावसाळ्यात आमच्या हायस्कुलात वक्तृत्व स्पर्धा झाली. विषय होता 'जागतिक सत्तासंघर्ष आणि भारत'. पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याने सांगितले, भारताने अमेरिकेचा हात घट्ट धरावा. दुसऱ्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याने तेच रशियाबद्दल सांगितले. टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या. निघताना पालकांपैकी एक सद्गृहस्थ मला म्हणाले, "सर, काही म्हणा, मोठ्याच्या सावलीला उभं राहिलेलं बरं." मी हसून नमस्कार केला. तो नमस्कार आता मला बोचतो आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

वाचकहो, हे वाक्य दुसऱ्या कोणी उच्चारले असते तर मी सोडून दिले असते. पण पेडणे तालुक्यातल्या माणसाने ते उच्चारावे? महासत्तांची सावली म्हणजे काय, हे ज्या मातीने पाहिले त्या मातीत उभे राहून?

१५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रही तिरंगा घेऊन आत आले आणि पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. पंजाबातल्या इसरू गावचा कर्नैल सिंग बेनिपाल हा तरुण तिथेच पडला. आदल्याच वर्षी, त्याच तारखेला, आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर झेंडा चढवला होता. लोकशाहीची थोरवी जगाला सांगणारी अमेरिका यावर काय बोलली? २ डिसेंबर १९५५ रोजी परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालचे मंत्री कुन्या यांच्यासह एक संयुक्त निवेदन काढले आणि त्यात गोव्याची संभावना पोर्तुगालचा 'प्रांत' अशी झाली! पेडण्याची भातशेती आणि डिचोलीचे डोंगर एका वाक्यात लिस्बनच्या अंगणात जाऊन बसले.

अमेरिकेचे आमच्याशी वैर होते काय? मुळीच नाही. पोर्तुगाल १९४९ पासून 'नाटो'चा संस्थापक सदस्य होता आणि अटलांटिक महासागरातल्या त्याच्या अझोर्स बेटांवर अमेरिकेचा हवाई तळ होता. सालाझारसारख्या हुकूमशहाला दुखवून तो तळ गमावण्याची अमेरिकेची तयारी नव्हती. हिशेब साधा होता आणि त्यात आम्ही कुठेच नव्हतो.

आता रशियाचे भक्त टाळ्या वाजवतील. थांबा. त्याच सुमारास बुल्गानिन आणि ख्रुश्चेव भारतात आले होते आणि गोवा भारताचाच, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले, हे खरे. १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा परिषदेत भारताने सैन्य मागे घ्यावे अशा अर्थाचा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी मांडला. बाजूने ७ मते पडली, विरोधात ४, आणि सोव्हिएत नकाराधिकारामुळे ठराव पडला, हेही खरे. त्या उपकाराची जाण ठेवलीच पाहिजे. पण त्या चार मतांत सिलोन, लायबेरिया आणि इजिप्तचे संयुक्त अरब प्रजासत्ताकही होते. त्यांची नावे आमच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहेत? आणि न्यूयॉर्कमध्ये हात वर होत होते तोवर दोडामार्गाकडून शिरलेली ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५० वी पॅरा ब्रिगेड डिचोली तालुका मागे टाकून पुढे सरकली होती. १९ तारखेला गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा शरण आला. नकाराधिकाराने वाटेतला धोंडा दूर केला. वाट चालली ती आपली माणसे.

पुढचे दहा महिने मात्र आमच्या पाठ्यपुस्तकांत सलग वाचायला मिळत नाहीत. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले. त्याच दिवसांत क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून रशिया आणि अमेरिका समोरासमोर उभे होते आणि रशियाला चीन हवा होता. २५ ऑक्टोबरच्या 'प्रावदा'ने चीनच्या प्रस्तावांची तळी उचलली. गोव्यासाठी नकाराधिकार वापरणारा मित्र तो हाच! आणि नेहरूंनी मदतीसाठी पत्रे लिहिली ती केनेडींना, म्हणजे ज्यांच्या प्रतिनिधीने आदल्या डिसेंबरात आपल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते त्यांना. अमेरिकेने शस्त्रे दिली. पुढे १९७१ मध्ये त्याच अमेरिकेने बंगालच्या उपसागरात आरमार धाडले, आणि त्याआधी ऑगस्टात आपण रशियाशी करार केला होता म्हणून निभावले. सांगा, यातला कायमचा मित्र कोण आणि कायमचा शत्रू कोण?

"म्हणजे तुमचे ते जुने अलिप्ततेचे तळ्यात-मळ्यात," असे कोणी म्हणेल. नाही. तळ्यात-मळ्यात खेळणारा दुसऱ्याच्या हाकेवर उडी मारतो. मी म्हणतो ते आपल्या हाकेवर पाऊल टाकण्याबद्दल. आणि ते फुकट नसते, हेही मान्य करतो, कारण त्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे. माझ्या आईचे माहेर बांद्याला. पत्रादेवीपासून चालत जाण्याइतके जवळ. १९५५ नंतर दिल्लीने गोव्याची आर्थिक कोंडी केली आणि सीमा बंद झाली. सख्ख्या भावाच्या लग्नाला आई जाऊ शकली नाही. अक्षता पडल्याची बातमी तिला महिन्याने, तीही तिसऱ्याच माणसाकडून कळली. तिकडे डिचोलीचे लोहखनिज मात्र मांडवीतून बार्जमध्ये बसून मुरगावला आणि तिथून जपानला जातच होते. कोंडी सालाझारची कमी आणि आमची जास्त झाली. तरीही आईने दिल्लीला कधी शिव्या दिल्या नाहीत. ती एवढेच म्हणे, "आपल्यासाठी आपणच सोसलं." पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व करार करून मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४ रोजी, तेही सालाझारशाही कोसळल्यावर.

आज चित्र वेगळे आहे काय? ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्के आयातशुल्क लादले. त्यातला निम्मा भाग रशियाचे तेल घेतल्याची शिक्षा म्हणून होता. हात धरणाऱ्याचा हात पिरगळताही येतो, एवढे त्यावरून कळावे. दुसरीकडे, आपल्याच वास्कोच्या गोवा शिपयार्डात २३ जुलै २०२४ रोजी 'त्रिपुट' ही युद्धनौका पाण्यात उतरली. आराखडा रशियाचा, आणि या वर्गाच्या नौकांची गॅस टर्बाइन इंजिने युक्रेनची! २०२२ पासून जे दोन देश एकमेकांची शहरे भाजत आहेत, त्यांच्या मेहेरबानीवर आपल्या समुद्राची राखण. आणि चीन? २००० नंतर त्याच्या भट्ट्यांनी आमचे हलक्या प्रतीचे खनिजही उचलले तेव्हा डिचोलीत दारोदार ट्रक आले, कर्जे आली. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या त्या आपल्याच बेकायदा कारभारामुळे, तो दोष चीनचा नव्हे. पण एकाच गिऱ्हाइकाच्या भुकेवर आपण चुली मांडल्या होत्या. त्याच चीनच्या सीमेवर जून २०२० मध्ये गलवानला आपले २० जवान धारातीर्थी पडले.

तेव्हा त्या सद्गृहस्थांना माझे उत्तर असे : मोठ्या झाडाच्या सावलीत पीक येत नाही, हे पेडण्याच्या शेतकऱ्याला मी सांगायला नको. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याची तहान दुसऱ्याच्या मर्जीने भागते. सौदा सर्वांशी करावा, उपकार सर्वांचे स्मरावेत, पण गहाण कोणाकडेच पडू नये. मोबाइलवर परदेशी नेत्यांची भाषणे ऐकून सिनेनटासारखे त्यांचे भक्त होणाऱ्यांनी आपल्या देशभक्तीचा हिशेब एकदा मांडून पाहावा. स्वाभिमान घोषणांनी टिकत नाही. तो प्रयोगशाळेत, कारखान्यात आणि नववीच्या गणिताच्या तासाला टिकतो.

येत्या १९ डिसेंबरला त्या दोन्ही वक्त्यांना मी पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकाकडे नेणार आहे. पुढल्या वर्षीच्या स्पर्धेचा विषयही ठरला आहे : 'युद्धनौकेचे इंजिन आपण का घडवू शकलो नाही?' परीक्षक म्हणून त्याच सद्गृहस्थांना बोलावीन म्हणतो.