लिहित्या हातांना वाचक हवा



परीक्षेत उत्तम गुण मिळवलेला विद्यार्थी शैक्षणिक कर्जासाठी बँकेत येतो आणि चार ओळींचा अर्ज लिहिताना अडखळतो, हे नोकरीच्या काळात मी वारंवार पाहिले. पाठ केलेला निबंध त्याला येई. स्वतःची अडचण स्वतःच्या शब्दांत मांडता येत नसे. दोष त्याच्या बुद्धीचा नव्हता. त्याचे लेखन आजवर केवळ तपासले गेले होते; ते कुणी आस्थेने वाचलेच नव्हते.

मुलांच्या हाती लेखणी द्यायची तर घरात, शाळेत लिहिण्या-वाचण्याचे वातावरण हवे. याचा आदर्श साने गुरुजींनी घालून दिला. चांदूर रेल्वेहून भुसावळला जाऊन सुरतेची गाडी धरली, की वाटेत अमळनेर लागते. तेथील प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० या काळात गुरुजी शिक्षक होते. वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. तेथील मुलांसाठी ते ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक स्वतः लिहून काढीत. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले. आपले शिक्षक आपल्यासाठी रोज लिहितात, हे मुलांना डोळ्यांसमोर दिसत होते.

आपल्या परंपरेलाही हा विचार नवा नाही. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. पाठशाळांत वाचन आणि पाठांतर नेटाने चालते. पृच्छना म्हणजे शंका विचारणे आणि अनुप्रेक्षा म्हणजे अर्थाचे पुनःपुन्हा चिंतन, ही मात्र मागे पडतात. ‘पाणी गाळून का प्यावे?’ यावर मुलाला स्वतःची पाच वाक्ये लिहायला सांगून पाहा. पाठ असलेले उत्तर पुरत नाही. मग तो आजीला विचारतो, विज्ञानाच्या शिक्षकांना विचारतो, आणि लिहिता लिहिता विचार करू लागतो.

यासाठी फार खर्च लागत नाही. शाळेत वा पाठशाळेत दर पंधरवड्याला एक भित्तिपत्रक लावता येईल. त्यात प्रत्येक मुलाची पाळी यावी. सुंदर अक्षराच्या चार मुलांचीच ती मिरासदारी होऊ नये. विषय मुलांच्या जगण्यातले असावेत : सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी, आजोबांच्या दुकानातील वहीपूजन. शुद्धलेखन शिक्षकांनी मुलाजवळ बसून आधीच सुधारून घ्यावे. लाल शाई भिंतीवर नको. शेजारी एक कोरा कागद लावावा. वाचणाऱ्याने त्यावर आपल्या नावासह लिहावे : काय आवडले आणि आणखी काय जाणून घ्यावेसे वाटते.

‘याने गुण वाढतील का?’ असे पालक विचारतील. त्याची हमी मी देणार नाही. परंतु अर्ज, पत्र, हिशेबाचा खुलासा, मतभेद सौम्य शब्दांत मांडणे, हे सारे आयुष्यभर करावे लागते, आणि तेथे पाठांतर कामास येत नाही.

श्रुतपंचमी असो वा ज्ञानपंचमी, त्या दिवशी आपण ग्रंथांचे पूजन करतो. मुलांच्या हस्तलिखिताचा पहिला अंक काढण्यास याहून योग्य दिवस कोणता? तोवर घरी एवढे करावे : आज रात्री पाल्याची वही मागून घ्यावी, गुणांकडे न पाहता एक परिच्छेद शांतपणे वाचावा आणि त्यावर त्याला एक प्रश्न विचारावा.