मागच्या रांगेतील कलावंत

नागपूरच्या रामदासपेठेतून संध्याकाळी फेरफटका मारा. घराघरांतून टीव्हीवरच्या गाण्यांचा आवाज ऐकू येतो. एखाद्या घरात डोकावलात, तर लहान मुले पडद्यासमोर उभी राहून नाचाची नक्कल करताना दिसतील. गाणे कोणाचे, हे ती चटकन सांगतील. नायकाचे नावही सांगतील. पण त्याच्या मागे नाचणाऱ्या दहा-वीस जणांपैकी एकाचे तरी नाव त्यांना विचारून पाहा. ती गप्प बसतील. तुम्हांला तरी सांगता येईल का?

मला वाटते, ही आपल्या सर्वांचीच चूक आहे. का, ते सांगतो.

१९७० साली अमेरिकेतील शिकागो शहरात डॉन कॉर्नेलियस यांनी 'सोल ट्रेन' नावाचा टीव्ही कार्यक्रम सुरू केला. 'सोल' हे तेथील काळ्या लोकांचे संगीत. पुढच्याच वर्षी हा कार्यक्रम इतर शहरांतही दिसू लागला आणि २००६ पर्यंत चालला. त्यात मोठमोठे गायक येत. पण लोक टीव्हीपुढे बसत ते नाचणाऱ्या तरुण मुलामुलींसाठी. दोन रांगा समोरासमोर उभ्या राहत आणि मधल्या वाटेने एकेक जण आपले कसब दाखवीत पुढे येई. देशभरातील मुले त्यांचे कपडे, त्यांची केशरचना, त्यांच्या चाली उचलत. आणि या नर्तकांना मोबदला काय मिळे? पगार नव्हताच. दुपारचे जेवण मिळे, एवढेच!

याच कार्यक्रमात जेफ्री डॅनियल नावाचा एक नर्तक होता. पुढे चालल्यासारखे दाखवीत मागे सरकण्याची चाल त्याने १९८२ साली इंग्लंडच्या टीव्हीवर करून दाखवली. तशी ही चाल जुन्या नर्तकांनाही ठाऊक होती. १९८३ साली मायकेल जॅक्सनने ती केली आणि सारे जग थक्क झाले. ही चाल आपण मुलांकडून शिकलो, हे मायकेलने आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे. तरीही आज जगाला नाव ठाऊक आहे ते मायकेलचे. उस्तादांची नावे मागेच राहिली.

हे फक्त दूरदेशी घडते असे समजू नका. आपल्या विदर्भातील अमरावतीत १९१३ साली भगवान पालव यांचा जन्म झाला. पुढे सारा देश त्यांना भगवानदादा म्हणू लागला. १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटातील त्यांचा साधा, झुलता नाच लोकांनी डोक्यावर घेतला. पुढे मोठमोठ्या नटांच्या नाचात त्याच चालीची छाप दिसली. चाल गाजत राहिली. दादा मात्र २००२ साली दादरच्या चाळीत वारले. त्यांच्या जीवनावर 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट आला तो २०१६ साली. कदर झाली, पण ती पाहायला दादा नव्हते.

कोणी म्हणेल, "टीव्हीवर झळकायला मिळाले, हे काय थोडे झाले?" मित्रांनो, झळकण्याने पोट भरत नाही. दोन मिनिटांच्या नाचासाठी कित्येक दिवस सराव करावा लागतो. गुडघे सोलतात, पाय मुरगळतात. सुतार आपल्या कामाची मजुरी मागतो, तेव्हा आपण त्याला हावरट म्हणत नाही. मग नाचणाऱ्याने ती मागितली, तर नाक का मुरडावे?

चांगले उदाहरणही आपल्या महाराष्ट्रातच आहे. वसई-नालासोपारा भागातील तरुणांचा 'किंग्ज' हा संघ २०१९ साली अमेरिकेतील 'वर्ल्ड ऑफ डान्स' या स्पर्धेत पहिला आला. दहा लाख डॉलरचे बक्षीस मिळाले. त्यांच्या नाचात एक जण दुसऱ्याला हवेत फेकतो आणि बाकीचे त्याला अलगद झेलतात. झेलणारा चुकला, तर उडणाऱ्याची मान मोडेल. सांगा बरे, अशा नाचात मागची रांग कोणती आणि पुढची कोणती?

टीव्ही कंपन्यांनी प्रत्येक नर्तकाला योग्य मोबदला द्यावा आणि त्याचे नाव पडद्यावर दाखवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते करणे तुमच्या हाती नाही, हे मला मान्य आहे. पण एक गोष्ट तुमच्या हाती आहे. तुमच्या शाळेचे स्नेहसंमेलन येईल, तेव्हा नाच बसवणाऱ्याचे, ढोलकी वाजवणाऱ्याचे आणि अगदी मागच्या कोपऱ्यात नाचणाऱ्या मुलाचेही नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारा. सभागृहात कोठेतरी त्याची आई बसलेली असेल. आपल्या मुलाचे नाव ऐकताच तिचा चेहरा कसा होतो, ते पाहा. मग माझे म्हणणे तुम्हांला पटते का, ते ठरवा.