वकिलातीची खिडकी आणि मजुराचा कागद

चिपळूण, खेड, म्हसळा, श्रीवर्धन या भागातल्या अनेक घरांत इफ्तारच्या दस्तरखानावर एकाची जागा रिकामी असते. ती जागा ज्याची, तो माणूस जेद्दा, रियाध, कुवेत नाही तर शारजात असतो. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. इथे मगरिबची अजान होते तेव्हा तिकडे दुपार कलत असते आणि तिकडचा रोजा सुटेपर्यंत इकडे तरावीहची नमाज उरकत आलेली असते. फोन येतो तो त्यानंतर. बहुतेक रात्री सगळे ठीक असते. पण एखाद्या रात्री फोन येतो तो खोलीतल्या दुसऱ्याच कुणाचा: कफीलने पासपोर्ट अडवलाय, चार महिने पगार नाही, पोलिसांनी उचललंय, नाही तर त्याहून वाईट. मग घरचे गावातल्या माहितगाराकडे धावतात आणि तो सांगतो, "एम्बसीत कळवा."

एम्बसी म्हणजे राजदूतावास, जुन्या मराठीत वकिलात. आपल्या मनातले तिचे चित्र वर्तमानपत्रातल्या छायाचित्रांवरून तयार झालेले असते: झेंडावंदन, शिष्टमंडळाचे स्वागत, रमजानमध्ये राजदूतांनी दिलेली इफ्तारची दावत. हेही वकिलातीचे काम आहेच. १९६१च्या व्हिएन्ना करारात दूतावासाची जी कामे सांगितली आहेत त्यांत आपल्या देशाचे प्रतिनिधित्व करणे, वाटाघाटी करणे, त्या देशातल्या घडामोडी कायदेशीर मार्गाने जाणून घेऊन मायदेशी कळवणे आणि मैत्री वाढवणे ही कामे येतात. त्याच यादीत आपल्या नागरिकांच्या हिताचे रक्षण करणेही येते. १९६३चा दुसरा व्हिएन्ना करार तर मुख्यतः वाणिज्य दूतावासांच्या, म्हणजे कॉन्सुलेटच्या कामाबद्दलच आहे. पासपोर्ट, कागदांचे साक्षांकन, कैद्यांची भेट, मृतांच्या मालमत्तेची काळजी, अडचणीतल्या माणसाला मदत ही कामे कॉन्सुलेटची. राजदूतावास राजधानीत एकच असतो, कॉन्सुलेट इतर मोठ्या शहरांत. सौदीत राजदूतावास रियाधला आणि कॉन्सुलेट जेद्दाला. अमिरातीत राजदूतावास अबू धाबीला आणि कॉन्सुलेट दुबईला. मक्का-मदिनेकडचा माणूस रियाधला फोन लावत बसला तर वेळ जातो. फरक छोटा आहे, पण संकटात तोच मोठा होतो.

आखाताच्या सहा देशांत मिळून सुमारे ९० लाख भारतीय राहतात. त्यांत मोठमोठे डॉक्टर, व्यापारी आहेत, तसे लाखो मजूरही आहेत. लेबर कॅम्पच्या एकाच खोलीत खेडचा ड्रायव्हर, तेलंगणचा सुतार आणि बिहारचा वेल्डर राहतात. १२ जून २०२४ रोजी कुवेतच्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि ४५ भारतीय गेले. मृतांत सर्वाधिक केरळचे होते आणि एक जण महाराष्ट्रातलाही होता. हवाई दलाच्या विमानाने १४ जूनला मृतदेह कोचीत उतरवले. दोन दिवसांत हे झाले ते कुवेतमधल्या आपल्या दूतावासाने आणि तिथल्या सरकारने रात्रंदिवस कागद हलवले म्हणून. पण हे मोठ्या दुर्घटनेत होते, कारण सगळ्या देशाचे लक्ष तिकडे असते. एकटा मजूर एकटाच मरतो तेव्हा तोच प्रवास कित्येक आठवडे घेऊ शकतो.

त्या प्रवासाचे टप्पे घरच्यांना ठाऊक नसतात. रुग्णालयाचा अहवाल आणि अपघात असेल तर पोलिसांचा, स्थानिक मृत्युदाखला, घरच्यांचे संमतिपत्र, वकिलातीत मृत्यूची नोंद आणि ना-हरकत, पासपोर्ट रद्द करणे, मग देहावर मसाला-प्रक्रिया आणि शेवटी विमानातल्या मालाची जागा. यातला एक कागद अडला की सगळे अडते. अनेकदा अडतो तो आपल्याच बाजूचा, संमतिपत्राचा. मुसलमान कुटुंबे बऱ्याचदा तिथेच दफन करायला संमती देतात. मदिनेजवळ मृत्यू आला तर ते भाग्यच मानले जाते. हिंदू कुटुंबाला मात्र सौदीतून देह घरीच आणायचा असतो, कारण तिथे दहनाची सोय नाही. वकिलातीच्या खिडकीपाशी बसलेल्या कारकुनाला दोन्ही प्रकारचे कागद त्याच दिवशी हाताळावे लागतात. खर्च नियमानुसार मालकाने करायचा. त्याने हात वर केले तर भारतीय समुदाय कल्याण निधीतून तो होऊ शकतो. २००९मध्ये सुरू झालेला हा निधी मुख्यतः पासपोर्ट-व्हिसाच्या सेवांवर घेतल्या जाणाऱ्या छोट्या शुल्कातून उभा राहतो. म्हणजे सुस्थितीतल्या अनिवासी भारतीयाने भरलेल्या शुल्काचा एक वाटा अडलेल्या मजुराच्या तिकिटाला लागतो. रमजानमध्ये जकातीचा हिशेब करणाऱ्याला ही व्यवस्था ओळखीची वाटेल. एवढेच की इथे द्यायचे की नाही हे देणाऱ्याच्या मर्जीवर नाही.

हा निधी आहे हे अनेकांना माहीतच नसते. राहण्या-जेवणाची तात्पुरती सोय, वकील, किरकोळ दंड, परतीचे तिकीट यांसाठी तो वापरता येतो. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात अमिरातीने बेकायदा राहणाऱ्यांना माफी दिली, तेव्हा दुबईच्या आपल्या कॉन्सुलेटने मदतकेंद्र उघडले आणि ज्यांच्याकडे पासपोर्ट नव्हता त्यांना तात्पुरता प्रवासदाखला, म्हणजे आखातातल्या बोलीत 'आउटपास', दिला.

वकिलात काय करू शकत नाही, हे मात्र गावात कुणी सांगत नाही. तिचा अधिकारी कफीलच्या घरात शिरून पासपोर्ट काढून आणू शकत नाही. तो न्यायाधीशाला सूचना देऊ शकत नाही. यजमान देशाचे कायदे पाळणे आणि त्याच्या अंतर्गत कारभारात हात न घालणे हे त्याच व्हिएन्ना करारांचे कलम आहे, आणि भारतातल्या परक्या वकिलातींकडून आपणही हीच अपेक्षा ठेवतो. सौदीत मालकाने कामगाराविरुद्ध 'हुरूब', म्हणजे पळून गेल्याची नोंद केली की तो माणूस बेकायदा ठरू शकतो. वकिलात त्याला कामगार न्यायालयापर्यंत नेऊ शकते, दुभाषी देऊ शकते, 'तरहील'मध्ये म्हणजे हद्दपारीच्या केंद्रात त्याला भेटू शकते. पुढचा शिक्का सौदीच्याच हातात असतो.

तुरुंगातल्या माणसासाठी तर एक कलम जिवाइतके मोलाचे आहे. १९६३च्या कराराचे कलम ३६ म्हणते की परदेशी नागरिकाला अटक झाली तर त्याचा हा हक्क त्याला विनाविलंब सांगितला पाहिजे आणि त्याने मागणी केली तर त्याच्या दूतावासाला कळवले पाहिजे. महाराष्ट्राला हे कलम कुलभूषण जाधव यांच्या खटल्यामुळे माहीत झाले. मार्च २०१६मध्ये पाकिस्तानने त्यांना पकडल्याचे सांगितले, एप्रिल २०१७मध्ये लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली, आणि भारतीय अधिकाऱ्याला त्यांना भेटू दिले नव्हते. भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १७ जुलै २०१९ रोजी पंधरा विरुद्ध एक मतांनी निकाल लागला की पाकिस्तानने कलम ३६ मोडले आहे, दूतावासाची भेट द्यावी आणि शिक्षेचा फेरविचार करावा. न्यायालयाने सुटकेचा आदेश दिला नाही. भेटीचा हक्क मात्र पक्का केला. हाच हक्क पालघरच्या त्या मच्छीमारालाही आहे, ज्याची बोट सागरी हद्द ओलांडल्याच्या आरोपावरून पकडली जाते आणि जो कराचीच्या तुरुंगात वर्षे काढतो. भारत-पाकिस्तान दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या व मच्छीमारांच्या याद्या एकमेकांना देतात, तेही दोन देशांतल्या २००८च्या करारामुळे. संबंध कितीही बिघडले तरी ही देवाणघेवाण चालू राहिली आहे. वकिलातीचे खरे मोल अशा कंटाळवाण्या नेमात असते.

कलमात एक मेख आहे. कैद्याने मागितले तर, असे ते म्हणते. भाषा न कळणारा, घाबरलेला आणि पुढे ठेवलेल्या अरबी कागदावर अंगठा देणारा मजूर काय मागणार? परदेशातल्या तुरुंगांत दहा हजारांवर भारतीय आहेत आणि त्यांतला मोठा वाटा सौदी व अमिरातीत आहे. रमजानच्या तोंडावर आखाती राज्यकर्ते कैद्यांना माफी देतात, त्यात भारतीयही सुटतात आणि आपल्याकडे त्याच्या बातम्या आनंदाने छापल्या जातात. त्या यादीत कुणाचे नाव यावे यासाठी आधी कुणीतरी त्या कैद्याची फाईल चालू ठेवलेली असावी लागते. ते काम वर्षभराचे असते, एका महिन्याचे नव्हे.

आणि वकिलातच नसेल तर काय होते, हे येमेनने दाखवले. २०१५च्या युद्धात भारताने ४६००हून अधिक नागरिकांना तिथून बाहेर काढले, शिवाय इतर ४१ देशांचे साडेनऊशेच्या आसपास लोकही आणले. त्यानंतर सनामधला आपला दूतावास बंद झाला. पुढे केरळच्या एका परिचारिकेला तिथे खुनाच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. सनावर हूथींचा ताबा, त्यांच्या सरकारला भारताची मान्यता नाही, समोरासमोर बसायला कुणी नाही. जुलै २०२५मध्ये ठरलेली फाशी ऐन वेळी पुढे ढकलली गेली, त्यात सरकारच्या प्रयत्नांबरोबर कांथापुरम ए. पी. अबूबकर मुस्लियार या केरळच्या वृद्ध धर्मगुरूंनी येमेनी उलेमांशी केलेल्या बोलण्याचीही चर्चा झाली. तिथल्या कायद्यात मृताच्या वारसांनी 'दियत' म्हणजे भरपाई स्वीकारली तर शिक्षा टळू शकते. पण वारसांचे मन वळवण्यासाठी त्यांच्यापर्यंत पोचणारा माणूस हवा. एका हिंदुस्थानी ख्रिस्ती बाईसाठी एक मौलाना फोन फिरवतो ही गोष्ट मनाला स्पर्शून जाते, हे खरे. तरीही एका देशाच्या नागरिकाचा जीव एका सज्जनाच्या ओळखीवर अवलंबून राहणे ही व्यवस्था म्हणता येणार नाही.

याउलट रियाधमध्ये वकिलात होती, तेव्हा हाच मार्ग नीट चालला. कोझिकोडकडच्या एका ड्रायव्हरसाठी २०२४मध्ये लोकांनी सुमारे ३४ कोटी रुपये, म्हणजे दीड कोटी रियाल, जमवले. पैसे राजदूतावासामार्फत गेले, कागद न्यायालयात पोचले आणि त्याच वर्षी फाशी रद्द झाली. पैसा लोकांचा होता, पण तो विश्वासाने न्यायालयापर्यंत नेणारा हात सरकारी होता.

जेद्दाच्या कॉन्सुलेटचे आणखी एक काम मराठी वाचकांच्या ओळखीचे आहे: हज. मुंबईहून हाजींची जहाजे निघत त्या काळापासून जेद्दा म्हणजे हिंदुस्थानी यात्रेकरूचा पहिला आणि शेवटचा आसरा. इंग्रजांनी १८८२मध्ये तिथे डॉ. अब्दुर रज्जाक या हिंदी मुसलमान डॉक्टरला उपवाणिज्यदूत नेमले. साथीचे रोग आणि परतीचे भाडे नसलेले गरीब हाजी ही त्यांच्यापुढची मोठी कामे. १८९५मध्ये जेद्दाबाहेर झालेल्या हल्ल्यात ते मारले गेले. आज भारताचा कोटा १,७५,०२५ यात्रेकरूंचा आहे. घरे, बसगाड्या, दवाखाने, हरवलेली म्हातारी माणसे, सगळे कॉन्सुलेट पाहते. २०२४च्या भयंकर उन्हाळ्यात ९८ भारतीय हाजी गेले. २०२५मध्ये खासगी टूरवाल्यांनी मिनातल्या तंबूंचे करार आणि पैसे वेळेत पूर्ण केले नाहीत म्हणून सुमारे ५२ हजार जागा अडकल्या. सरकारी पातळीवर बोलणी होऊन त्यांतल्या १० हजार तेवढ्या मोकळ्या झाल्या. बाकीच्यांची आयुष्यभराची बचत भरलेली होती. यजमान देशाची मुदत उलटून गेल्यावर दूताच्या शब्दाला किती वजन उरते, ते इथे दिसले.

आपल्या परराष्ट्र सेवेत अधिकारी सुमारे एक हजार. जगभराच्या दूतावासांसाठी आणि दिल्लीतल्या मंत्रालयासाठी मिळून. व्यापार, संरक्षण, नेत्यांचे दौरे यांतून मजुरांच्या खिडकीला जो वेळ उरतो, तो उरतो. ती उणीव आखातात स्वयंसेवक भरून काढतात, आणि मल्याळी लोकांच्या संघटना त्यात फार पुढे आहेत. केरळने १९९६मध्येच अनिवासी केरळीयांसाठी वेगळे खाते काढले. कोकणातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे जात आहेत, पण महाराष्ट्रात तितकी मजबूत व्यवस्था उभी राहिलेली नाही. म्हणून म्हसळ्याच्या आईला आजही आधी आमदार आणि मग ओळखीचा मौलवी किंवा पत्रकार गाठावा लागतो.

अर्धे प्रश्न तर विमानात बसण्याआधीच पेरले जातात. दहावीपेक्षा कमी शिकलेल्याला नोकरीसाठी आखातासह १८ देशांत जायला सरकारी मंजुरी लागते आणि ती ई-मायग्रेट व्यवस्थेत नोंदलेल्या एजंटमार्फत किंवा मालकाकडून यायला हवी. एजंटने ३० हजार रुपये आणि त्यावरच्या करापेक्षा जास्त शुल्क घ्यायचे नाही, असा नियम आहे. प्रत्यक्षात लाखाच्या वर मोजून 'आझाद व्हिसा' घेतला जातो किंवा पर्यटक म्हणून पाठवले जाते. असा माणूस सरकारच्या कोणत्याच नोंदीत नसतो. तो अडकला की वकिलातीला आधी तो कुठे आहे हेच शोधावे लागते. मंजुरी घेऊन गेलेल्याला अवघ्या २७५ रुपयांत दोन वर्षांचा दहा लाखांचा प्रवासी विमा मिळतो. आझाद व्हिसावर गेलेल्याला तो नसतो.

आता ईद जवळ येईल. आखातात ईदच्या सुट्टीत न्यायालये आणि सरकारी कचेऱ्या बरेच दिवस बंद राहतात. वकिलातीचा तातडीचा दूरध्वनी मात्र चालू असतो. पासपोर्ट आणि इकाम्याची प्रत, कफीलचे नाव आणि नंबर, कंपनीचा पत्ता, राजदूतावास जवळ की कॉन्सुलेट, हे सगळे एका कागदावर लिहून ज्या घरात ठेवलेले असते, त्या घराच्या फोनला पलीकडून नेमके उत्तर मिळते. बाकीच्यांना पहिला प्रश्न विचारला जातो, "तुमचा माणूस नेमका कुठल्या शहरात आहे?"